घरी न पोचलेल्या गोविंदाची घागर

आधी कबुली, मग प्रवास. मी पक्की पुण्याची, सासर वऱ्हाडातलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीच्या घागरी भरतात. सासूबाई, म्हणजे आई, पुण्यात आमच्याकडे राहायला आल्यापासून दर वर्षी पाच घागरी भरतात. चार माझ्या ओळखीच्या: सासरे, त्यांचे आईवडील आणि थोरले दीर. पाचवी 'मोरसवाल्या गोविंदा'ची. मोरस म्हणजे मॉरिशस. हा माणूस फार पूर्वी जहाजानं उसाच्या मळ्यात मजुरीला गेला आणि घरी परतला नाही, एवढंच सगळ्यांना माहीत.

गेल्या आखाजीला आईंच्या दोन्ही डोळ्यांचं काहीतरी निघालं होतं, पट्टी बांधून खाटेवर पडून होत्या. घागरी आणायचं काम माझ्यावर आलं. दुकानात चांगल्या चारच उरल्या होत्या. पाचवीसाठी त्या रणरणत्या उन्हात दुसऱ्या पेठेत कोण जाणार? आणि तेही कधी न पाहिलेल्या माणसासाठी! मी चारच भरल्या. आईंनी आतून विचारलं, "पाची भरल्या काय?" मी म्हटलं, "भरल्या हो."

हे खोटं मला पचलं नाही. रुखरुख लागली म्हणून मी मॉरिशसच्या दप्तरखान्याला ईमेल केला. (तुम्हालाही असा शोध घ्यायचा असेल तर नाव, बापाचं नाव आणि गाव, तिन्ही लिहा. जिल्ह्याचं जुनं नाव द्या, आजच्या नकाशातलं चालत नाही.) बऱ्याच दिवसांनी नोंदवहीच्या पानाचा फोटो आला. गोविंदा, बाप गणू, गाव आमचंच, इलाका एलिचपूर (हेच ते जिल्ह्याचं जुनं नाव), डाव्या भुवईवर व्रण. आणि खाली वेगळ्या शाईत एक ओळ: करार संपवून मुंबईला परत.

मी ते मोठ्यानं वाचलं. आई मटार सोलत होत्या, त्यांचा हात थांबला.

"वापस आला? मंग घरी काहून नाही आला?"

त्या दिवसापासून हेच पालुपद. चहा घेताना, मालिका बघताना, मध्येच: "घरी काहून नाही आला व सुनबाई?" शेवटी म्हणाल्या, "मरायच्या आधी मले एवढं मालूम पायजे. कोनाच्या नावानं भरून राहिली मी इतके सालं?" जानेवारीत मी दोन तिकिटं काढली. नवरा म्हणाला, तुम्ही दोघी? एका गाडीत? तीन दिवस? मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

सकाळी बडनेऱ्याला उतरलो आणि अमरावतीत आईंनी सगळ्यात आधी गिला वडा मागितला. दह्यात बुडालेला, वर झणझणीत चटणी. मी म्हटलं, रिकाम्या पोटी? "पोट रिकामंच असते सकाळी," असं उत्तर मिळालं. दोन प्लेट संपवून रुमालानं ओठ पुसत त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. इथे त्या शाळेत होत्या, बहिणीबरोबर खोली घेऊन राहायच्या, दोघींत एकच छत्री. बहीण आता नाही. "तो कोपरा पाय," म्हणाल्या. कोपऱ्यावर मोबाइलचं दुकान होतं. मलाही माझं लग्न होऊन इथे उतरणं आठवलं. एका बाईनं मला सरळ विचारलं होतं, "काहून रडून राहिली? कोनी मारलं काय?" किती राग आला होता तेव्हा! आता त्या बाईंचं नावही आठवत नाही, याचं वाईट वाटलं.

गाडी दोन दिवसांसाठी ठरवली. किलोमीटरवर नको, दिवसावर ठरवा, कारण वऱ्हाडात चहाला नाही म्हणता येत नाही आणि पाहुण्यांच्या घरी तास कसे जातात ते कळत नाही. आमचं गाव दर्यापूरकडून अंजनगाव सुर्जीला जाताना आत वळल्यावर लागतं. दोन्हीकडे काळी जमीन, तूर, वेचून झालेली पराटी म्हणजे कपाशीची झाडं, बाभळीच्या काट्यांना अडकलेला कापूस. हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी मचूळ, जिभेला चरचरतं. "आखाजीच्या घागरीले गोड पानी लागे," आई सांगत होत्या, "माह्या सासूबाई दोन कोसावरून आनत डोक्यावर. समद्या घागरीचं, मोरसवाल्याच्या बी." मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझा नळ स्वयंपाकघरातच आहे.

घर कधीच विकलं, तिथे आता खताचं दुकान आहे. चुलत दीर पुंजाजी भाऊजींकडे उतरलो. ज्वारीची भाकर, सोल्यांची म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी, आणि असा ठेचा की माझे कान लाल झाले. गोविंदाचा विषय काढल्यावर भाऊजी हसले.

"मोरसवाला म्हनता? येक कंडक्टर होता अकोल्याचा, वामनराव. बस इथं आली का खाली उतरे, पानी पिये अन् म्हने, आमचा बुढा इथचाच होय. मोरसहून आलता. आमी हसो."

"अन् कोन बुढा ते विचारलं नाही तुमी?" आई कडाडल्या.

"बस सुटे ना, काकू!"

दुसऱ्या दिवशी अकोटमार्गे अकोला. रस्ता कुठे नवाकोरा, कुठे हाडं खिळखिळी करणारा. पाठदुखी असेल तर पट्टा बांधून बसा. अकोल्यात एसटीच्या निवृत्त माणसांना विचारत गेलो. तिसऱ्यानं पत्ता दिला. जुन्या शहरात गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्यांचं घर, दारात स्कूटर, आणि स्वेटर घालून पेपर वाचणारे वामनराव.

मी नोंदवहीचं पान पुढे केलं. ते चष्मा लावून शांतपणे वाचत गेले. 'डाव्या भुवईवर व्रण' इथे आल्यावर त्यांनी स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं.

"बैलाचं शिंग लागलं होतं. गोविंदा माह्या बापाचा आजा. आमच्या आजानं सांगतलं हे समदं."

आईंनी एकच विचारलं, "घरी काहून नाही आला?"

"आलता ना," वामनराव म्हणाले. "रेल्वेनं अकोल्याले उतरला, तठून पायी. पोचला तो आखाजीचाच दिवस. लय सालं खबर नाही म्हनून घरच्यायनं मेला असं धरलं होतं. आंगनात घागरी मांडेल. भाऊ येकयेक नाव घेऊन पानी ओतून राहिला. त्यात याचं नाव आलं. अन् बाजूले याची बायको. भावानं तिच्याशी पाट लावला होता. मांडीवर लेकरू."

पाट म्हणजे विधवेचं साधेपणानं केलेलं दुसरं लग्न.

"कोनी वळखलं नाही?" आईंनी हळूच विचारलं.

"दाढी वाढेल, कपडे येगळे. भावानं वाटसरू समजून गिलासभर पानी देल्लं. त्याच्याच घागरीतलं. तो पिला अन् माघारी फिरला. मंग इथं कापसाच्या जिनिंगमंदी कामाले लागला, इथंच संसार केला."

पिढ्या मोजल्या तर त्या मांडीवरचं लेकरू म्हणजे माझ्या सासऱ्यांचे आजोबा. गोविंदानं त्या अंगणात नुसतं 'मी आलो' म्हटलं असतं, तर त्या बाईचं, त्या लेकराचं काय झालं असतं? आमच्या घरातला एकही माणूस धड घरचा राहिला नसता.

आईंनी पदरानं डोळे पुसले. "तुमी घागर भरता त्याची?"

"नाही. बाकी समद्यायची भरतो, त्याची नाही. बुढ्याचा हुकूमच होता: माही घागर माह्या घरी भरल्या जाते, तुमी भरू नका." मग त्यांनी पान माझ्या हातात परत दिलं आणि आईंना एकदम अजिजीनं विचारलं, "वयनी, खरं सांगा. अजून भरता नं?"

"येक साल चुकली नाही," आई म्हणाल्या.

मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि तो संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

परतीच्या गाडीत आई संत्रं सोलत होत्या. अकोला मागे पडल्यावर मला राहवेना. सांगून टाकलं: गेल्या वर्षी चारच भरल्या, तुम्हाला खोटं बोलले. वाटलं, आता सगळा डबा ऐकेल असं काही बोलतील.

"मले मालूम होतं," त्यांनी एक फोड माझ्या हातावर ठेवली. "पट्टी डोयाले होती, कानाले नाही. पानी ओतल्याचा आवाज मोजला मी. चार झाले."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलली असती तं धाकानं भरली असती तू. माह्या माघारी धाक कोनाचा?"

फोटो फार काढले नाहीत, कुणी विचारलं तर दाखवायला एक खताचं दुकान आणि एक स्कूटर आहे. राहिलंय ते वेगळंच. आता नळाखाली भांडं लावलं की ते दोन कोस आठवतात, आणि अंगणाच्या कडेला उभं राहून पाणी पिणारा एक दाढीवाला माणूस. दीडेकशे वर्षं दोन घरं एकमेकांना न भेटता एका घागरीवर भरवसा ठेवून होती, आणि तो भरवसा मोडला कोणी, तर मी, ऊन लागेल म्हणून!

परवा आखाजी झाली. पाच घागरी मी सकाळी सातलाच आणल्या. आई पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता नावं तू घे." मी घेतली. पाचव्यांदा पाणी ओतताना आवाज जरा मोठाच काढला. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे वामनराव, नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"भरली काय?"

"भरली, काकाजी. काठोकाठ."

"हाव," म्हणाले आणि फोन ठेवला.

"कोन होतं व?" आईंनी विचारलं.

"घरचेच," मी म्हटलं.