दाजीचा गोल

रविवारचं जेवण अंगावर आलेलं असतं. हिंदुराव इंगवले माडीवरच्या आरामखुर्चीत पाय लांब करतात. खाली सुनेचा भांड्यांचा आवाज चाललेला असतो, तो हळूहळू लांब जातो, मग कुणीतरी दार लोटून घ्यावं तसा बंद होतो. डोळा लागतो न लागतो तोच जिन्यावर पावलं वाजतात.

"कोण हाय?"

"मी, मर्दा. दत्ता."

दत्ता मंडलिक गेल्या मार्गशीर्षात वारला. हिंदुराव मयताला गेले होते, पण खांदा द्यायला पुढं झाले नव्हते. मागं, लोकांच्या आडोशाला उभे होते. एके काळी हाच दत्ता चिंचबाग तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता, आणि कोल्हापुरात त्याच्यासारखा दुसरा नाही म्हणून भर चौकात भांडणारे हिंदुरावच होते.

आता तो जिन्याच्या तोंडाशी उभा आहे. वय पंचविशीचं. अंगात तालमीची हिरवी-पांढरी जर्सी, गुडघ्यांना चिंध्या बांधलेल्या, केस ओले.

हिंदुराव उठत नाहीत. डोळे बारीक करून बघत राहतात. ते शिंपी. माणसाआधी कपडा बघायची सवय.

"जवळ ये," ते म्हणतात.

दत्ता येतो. हिंदुराव त्याच्या जर्सीची कॉलर उलटी करतात. आत दुहेरी टाका, कोपऱ्यात उलटा दाब. हा टाका त्यांचाच. त्या सालात संघाला रेडिमेड जर्सी परवडत नव्हत्या, म्हणून पांढऱ्या मांजरपाटाचे पट्टे घरी हिरवे रंगवून हिंदुरावांनीच सगळ्या शिवल्या होत्या. पहिल्या मॅचला घाम आला आणि अख्खा संघ मानेपर्यंत हिरवा झाला. प्रेक्षक पोपट पोपट म्हणून ओरडत होते.

"पटलं?" दत्ता विचारतो.

"टाका माझा हाय. पण तो मला ठाऊकच हाय," हिंदुराव म्हणतात. "त्यात तुझं काय?"

दत्ता हसतो आणि शेजारी बसतो. बसतो ती स्टेडियमची दगडी पायरी असते. पायरी उन्हानं तापलेली आहे. खाली मैदान, पण मैदानात कुणीच नाही. चारी बाजूंनी माणसं मात्र खच्चून भरलेली, आणि एकाचाही आवाज येत नाही. हलगी वाजवणाऱ्याचे हात हलतात, हलगी मुकी.

"सेमीफायनल आठवती?" दत्ता विचारतो. "पेनल्टी अडवली ती?"

आठवत कशी नाही. दत्तानं उजवीकडं झेप टाकून बोटांच्या टोकानं बॉल बाहेर काढला होता. हिंदुराव कुंपणावरून उडी मारून आत धावले, विजार टराटरा फाटली, आणि तशाच फाटक्या विजारीनं त्यांनी दत्ताला खांद्यावर घेऊन तालमीपर्यंत नाचवलं. वाटेत बायका गच्चीवरून चुरमुरे उधळत होत्या. रात्री तालमीसमोर कढई चढली, आणि दत्ता पहिला घास हिंदुरावांच्या तोंडात घालून म्हणाला होता, फायनलला विजार दुहेरी शिव.

"विजार दुहेरी शिवलीस न्हवं?" शेजारचा दत्ता विचारतो.

हा दत्ताच, हिंदुरावांना वाटतं. पण लगेच दुसरा विचार येतो. हेही आपल्याला ठाऊक आहे. हा जे बोलतोय ते सगळं आपल्याच डोक्यातलं आहे. आपलाच माल आपल्यालाच विकतोय.

"तू दत्ता न्हाईस," ते म्हणतात. "असशील तर मला ठाऊक नसलेलं काय तरी सांग."

"काय सांगू?"

"तुला ठाऊक हाय काय सांगायचं ते."

दत्ता मान खाली घालतो. दोघं आता एका मांडवात आहेत. वर कापडी छत, खाली सतरंज्या, शेवंतीचा वास. दत्ताच्या बहिणीचं, शालनचं लग्न. नवरा विलास, पाणवठा तालमीचा सेंटर फॉरवर्ड. पाणवठा म्हणजे चिंचबागेचा हाडवैरी. दोन्ही पेठांतली पोरं मांडवात एकमेकांच्या पंगतीला बसायला तयार नव्हती. हिंदुरावांनी दोन्हीकडं वाढलं होतं. नवरदेव बूट घालून बोहल्यावर उभा आहे. हिंदुराव निरखून बघतात. बुटांना खालून मैदानाची माती लागलेली आहे.

पुढचं साऱ्या गावाला पाठ आहे. लग्नानंतर दोन महिन्यांत फायनल, चिंचबाग आणि पाणवठा. शेवटची मिनिटं, बरोबरी. कॉर्नरवरून बॉल वर आला. दत्ता गोल सोडून पुढं धावला, दोन्ही हात वर केले, आणि बॉल त्याच्या हातांपासून वीतभर लांबून गेला. मागं विलास उभा. मोकळ्या गोलात त्यानं नुसता पाय लावला. दत्तासारख्या माणसाच्या हातून असला बॉल सुटतो यावर कुणाचा विश्वास बसला नाही. त्याच संध्याकाळी तालमीच्या भिंतीवर कोळशानं कुणीतरी लिहिलं, दाजीचा गोल. बहिणीच्या नवऱ्याला दिलेला आहेर. दत्ता त्यानंतर तालमीची पायरी चढला नाही. हिंदुराव त्याच्या दारावरून रोज दुकानाला जात. विचारू विचारू म्हणत आयुष्य गेलं. कधी समोरासमोर आले की दोघंही चपलेकडं बघत.

"दाजीला गोल दिलास का?" हिंदुराव आता विचारतात.

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते मला ठाऊक हाय. तू सांग."

"डोळा," दत्ता म्हणतो.

"कसला डोळा?"

"डावा. सेमीफायनलनंतर प्रॅक्टिसला बुटाची टाच बसली. बाहेरनं काय दिसत नव्हतं. आतनं सगळं पाण्यात बघितल्यागत."

हिंदुराव त्याच्या तोंडाकडं बघतात. दोन्ही डोळे स्वच्छ, काळेभोर. मेलेल्या माणसाचे डोळे कसे असायला पाहिजेत हे त्यांना कुठं ठाऊक आहे?

"मग बोलला का न्हाईस? बदली गोलकीपर हुता की."

"म्हणूनच. त्याला उतरवला असता." दत्ता गुडघ्यावरची चिंधी सोडतो, पुन्हा बांधतो. "मला फायनल खेळायची हुती, हिंदू. पेठेसाठी म्हणून न्हवं. मला. लहानपणापास्नं त्या एका दिवसासाठी मी मातीत पडत आलतो."

"मागनं तरी सांगायचं. लोक तोंडावर थुंकले तुझ्या."

"दाजीसाठी सोडला म्हणून लोक चिडत हुते. चिडलेलं चालतंय. आंधळा गोलात उभा हुता म्हटल्यावर हसले असते."

हिंदुरावांचा संशय उलट वाढतो. उत्तर फार बरोबर बसतंय. मनासारखं मापाला बसलेलं कापड त्यांना नेहमीच खटकत आलंय. हेही आपणच शिवलेलं असणार. म्हातारपणी मन काय काय जुळवतं.

"खोटं," ते म्हणतात.

"मग उभा राहून बघ."

मांडवाचे खांब आता गोलाचे खांब आहेत. हिंदुराव गोलरेषेवर उभे आहेत, अंगात झोपेची बंडी, कमरेला लुंगी. रेषा ताजी मारलेली, चुन्याची पांढरीशुभ्र फक्की पायाखाली भुसभुशीत लागते.

"डाव्या डोळ्यावर हात ठेव," दत्ता लांबून म्हणतो. तो कॉर्नरच्या झेंड्यापाशी आहे.

हिंदुराव हात ठेवतात. दत्ता बॉल मारतो. बॉल वर चढतो आणि वर गेल्यावर ताटाएवढा सपाट होतो. जवळ आहे की लांब, काही कळत नाही. आत्ता येईल म्हणून ते पुढं धावतात, उजवा हात उंच करतात. हाताला नुसती हवा लागते. पाय लुंगीत अडकतो आणि ते मागं कोसळतात, उजवा तळवा सगळा रेषेत रुततो. आणि इतका वेळ मुका असलेला जमाव एकदम हसतो.

त्या हसण्यानंच त्यांना जाग येते.

माडीवर ऊन तिरकं झालेलं आहे. खाली नळ चालू आहे. हिंदुराव उजवा हात वर करतात. तळवा पांढरा आहे. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला, सगळीकडं पिठासारखी पांढरी भुकटी.

ते आधी डाव्या हातानं भिंत घासून बघतात. भिंतीला ऑइल पेंट आहे, काही निघत नाही. खुर्चीचा हात पुसून बघतात. लाकूड स्वच्छ. हात नाकाशी नेतात. पावडरचा वास नाही, पिठाचाही नाही. मैदानावर पहिलं पाणी मारल्यावर येतो तसला चुन्याचा, मातीचा वास.

"राजश्री," ते जिन्यातून सुनेला हाक मारतात. "आज रांगोळी काढलीस काय?"

"न्हाई मामा. का?"

"काय न्हाई. पाणवठ्यातल्या शालनअक्काचा नंबर हाय का तुझ्याकडं?"

शालन आणि राजश्री एकाच भजनी मंडळात. राजश्री वर येऊन, सासऱ्याकडं जरा नवलानं बघत, नंबर लावून फोन हातात देते आणि खाली जाते.

"शालनअक्का, मी हिंदू टेलर बोलतोय. चिंचबागेतला."

पलीकडं पंख्याचा खटका बंद केल्याचा आवाज येतो. इतक्या वर्षांत या माणसानं तिच्या घरी फोन केलेला नाही.

"बोला," ती सावधपणे म्हणते.

"दत्ताच्या डोळ्याला कधी काय झालतं का?"

"कुठल्या डोळ्याला?"

हिंदुरावांना कळतं की तीही आपली परीक्षा घेतेय.

"डाव्या. प्रॅक्टिसला. टाच लागून."

शालनचा आवाज बारीक होतो. "मी माहेरी जाऊन दुधाच्या पट्ट्या ठेवत हुते त्याला. फायनलच्या सकाळपर्यंत. कुणाला बोलायचं न्हाई म्हणून स्वतःच्या गळ्याची आण घातली हुती त्यानं. आमच्या ह्यांना सुद्धा सांगितलं न्हाई मी. हे मरेस्तोवर म्हणत हुते, माझा पायच तसा पडला, गोल माझा हाय. म्हटलं, असू दे." ती थांबते. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानंच."

"कवा?"

घाम आलेला असतो म्हणून हिंदुराव फोन डाव्या हातात घेतात. फोनच्या काळ्या पाठीवर उजव्या हाताची चार बोटं पांढरी उमटलेली आहेत, आणि पलीकडून शालन पुन्हा विचारतेय, कवा सांगितलं.