माफीचा रिटेक

सात वर्षं एकमेकांशी न बोललेल्या दोन सख्ख्या भावांच्या समेटाचं दिग्दर्शन मी केलं. त्या अबोल्याला आता आठवं वर्ष चालू आहे.

धाकटे भाऊ म्हणजे माझे वडील, नाना. थोरले आबा, दोंडाईचाचे. भांडणाचं कारण, माझ्या बहिणीची लग्नपत्रिका. निमंत्रकांच्या यादीत आबांचं नाव छापायचंच राहिलं. आमच्या खानदेशात भाजीत मीठ नसलं तर माणूस गप्प जेवतो, पत्रिकेत नाव नसलं तर गप्प राहत नाही. आबा लग्नाला आले नाहीत, नाना समजूत काढायला गेले नाहीत.

मी चाळिशी ओलांडल्यावर, धुळ्यातलं औषधांचं दुकान बायकोच्या गळ्यात घालून, दर शनिवारी जळगावला सिनेदिग्दर्शन शिकायला जाऊ लागलो. (केस गळायला लागले की पुरुषाला कला आठवते.) तीन महिन्यांत मी ‘ॲक्शन’ आणि ‘कट’ हे दोन शब्द फार रुबाबात म्हणायला शिकलो. दुसरा कधी म्हणू नये, हा धडा बहुधा पुढच्या महिन्यात होता. सरांनी पाच मिनिटांची फिल्म करून आणायला सांगितली. विषय, घर.

नेमका कानबाई देवीचा सण आला. कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे असतात आणि त्यातला घासही टाकायचा नसतो. आईनं दोंडाईचाला निरोप धाडला आणि काय आश्चर्य, आबा आले! ओट्यावर चपला काढून थेट पाटावर बसले. मी फोन स्टँडवर लावला.

नानांनी रोटाचा घास मोडून आबांच्या तोंडाशी नेला.

“भाऊ, मनी चूक व्हयनी. आते इसरी जाय.”

आबांनी घास घेतला. “तूबी खाय,” म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

“कट,” मी म्हणालो.

दोघं माझ्याकडे बघत राहिले. मी समजावलं, आवाज खराब झाला, परत एकदा करू. फोन म्हणाला, जागा नाही. म्हणून मी पहिला टेक पुसून टाकला.

दुसऱ्या टेकला नानांना फोनची जाणीव झाली होती. ते ताठ बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, “बंधुवर, माझ्याकडून प्रमाद घडला आहे.”

“नाना, नेहमी बोलता तसं बोला ना.”

“नेहमी मी त्यानासंगे बोलस कोठे?”

तिसऱ्याला आबा थेट लेन्समध्ये बघत चावत होते. चौथ्याला माझीच सावली पडली. दरवेळी ताटात नवा, अख्खा रोट हवा (मागच्या टेकशी जुळायला नको का!) आणि मोडलेला टाकायचा नाही, म्हणून आबा तो संपवत होते.

“आबा, चेहऱ्यावर जरा भूक दिसू द्या.”

“तीन रोट खाई बठनू. आते भूक कोठून आनू?”

आई दारातून म्हणाली, “आरे, व्हयनं ना तुनं? जेवू दे त्यास्ले.”

पण मला भावना हव्या होत्या. सरांनी शिकवलं होतं, नट कोरडा पडला की त्याला मूळ दुःखापर्यंत न्यावं. मी हाताला धरून नेलं.

“आबा, ती पत्रिका आठवा. सगळ्यांची नावं छापली आहेत. माझ्या साडूचंसुद्धा.”

आबांचा घास हातातच थांबला. आपलं नाव नाही एवढं पाहून त्यांनी तेव्हा पत्रिका मिटली होती, बाकीची नावं वाचलीच नव्हती.

“साडूनं नाव व्हतं?”

नानाही मूळ दुःखापर्यंत पोचले. “अन् तू हळदले उना नही ते?”

“पहिले तू मनाकडे देखीसन बोलना. आते फोनकडे देखीसन बोली ऱ्हायना. यामानी खरी माफी कोनती?”

“कितला येळा माफी मांगू मी?”

आबा उठले. ताटात अर्धा रोट राहिला. आमच्या घरात आजवर कधी राहिला नव्हता. मी बसस्टँडपर्यंत त्यांच्या मागे गेलो. “आबा, माझं चुकलं,” म्हणालो. फोन कुठं आहे म्हणून त्यांनी आधी माझा खिसा पाहिला, मग हाताकडे पाहिलं आणि बसमध्ये चढले. आई त्या दिवशी मला रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

फोन मात्र घरी त्याच्या स्टँडवर चालूच राहिला होता. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून लाज गिळून मी ते भांडणच वर्गात दाखवलं. सर खुर्चीत पुढे सरकून बघत होते. संपल्यावर म्हणाले, “कमाल आहे. यात दिग्दर्शकाचा हात कुठंच दिसत नाही.”

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून बसलो. आमच्या घरात सगळ्यांना फक्त तोच दिसतो, हे सांगायचं धाडस मला झालं नाही.