थंडीत न गोठलेलं दूध

फ्रीझरमधली पहिली पिशवी मी उचलली आणि ती हातात वाकली. ती दगडासारखी कडक असायला हवी होती. शनिवारची सकाळ होती आणि सोमवारी मला कामावर हजर व्हायचं होतं.

पिशव्यांमध्ये माझंच दूध होतं. बाळंतपणाची रजा संपत आली तसं मी ते रोज पंपाने काढून, पिशवीवर तारीख घालून साठवत होते. लेकाला वरचं दूध सोसायचं नाही. पावडरचं दिलं की अंगावर पुरळ आणि पाठोपाठ उलट्या. मी लष्करी कॅम्पातल्या शाळेत शिकवत असताना त्याने काय प्यायचं, याचं उत्तर त्या फ्रीझरमध्ये होतं. दुसरं उत्तर नोकरी सोडण्याचं, आणि ते द्यायला आमचे नातेवाईक टपून बसलेले होते.

नवरा बदलीवर नागपूरला. नाशिक रोडच्या घरात मी, बाळ आणि माझे सासरे. सोमवारपासून बाळाला तेच सांभाळणार होते.

मी एकेक गोष्ट तपासायला घेतली. दार उघडलं की दिवा लागत होता, म्हणजे वीज होती. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढला, तो सहज निघाला नाही. सोललेल्या मटारचे डबे मागच्या जाळीला टेकलेत का पाहिलं. नव्हते, मध्ये हवेला जागा होती. फ्रीजच्या मागे हात घातला तर सगळं गार आणि गप्प. मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "कॉम्प्रेसर गेला असेल मॅडम. सोमवारी बघतो." सोमवारी बघून मी काय करणार होते?

तेवढ्यात आईचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, "हा इशाराच समज. आणखी सहा महिने राहा घरी." फ्रीज बंद पडल्यावर इशारे मिळत असतील, तर मिक्सर जळल्यावर काय संन्यास घ्यायचा? मी तसं बोलले नाही, फोन ठेवला. पण हा इशाराच असावा अशी भीती आतून मलाही वाटत होती.

फ्रीजचं दार मी बराच वेळ उघडं ठेवलं होतं. अचानक मागून घरघर सुरू झाली. गेलेला कॉम्प्रेसर आपला आपण कसा चालू होईल? मी तशीच उभी राहिले. अंगात स्वेटर, पायात मोजे, आणि तरी कुडकुडत होते. स्वयंपाकघरात जागा नाही म्हणून आमचा फ्रीज मागच्या गॅलरीत, उघड्या ग्रिलपाशी. त्या आठवड्यात थंडीने कहर केला होता. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. खालच्या खणात गरम झालं तरच हे यंत्र सुरू होतं, जसं आता दार उघडं राहिल्याने झालं. इथे गॅलरीच इतकी गार की खालचा खण गरमच होत नव्हता, आणि यंत्र स्वस्थ बसल्यावर वरचा फ्रीझर वितळत होता. थंडावा वाढवायला खालचं बटण फिरवायला गेले तर ते एकवर, सगळ्यात कमी.

"बाबा, हे एकवर कुणी केलं?"

"मीच. दर थंडीत करतो," सासरे म्हणाले. त्यांची बोली अजून चांदवडकडचीच. "भाईर एवढा गारठा हाय. फ्रीजला कशाला लय पळवायचं? बिल येतं उगाच."

"बाबा, त्याचं जेवण होतं ते."

आवाज चढलाच माझा. सासऱ्यांनी जाऊन स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीशी सरकवलं, आणि आम्ही दोघांनी फ्रीज ढकलत आत आणला. बटण शेवटच्या आकड्यावर. मग मी पिशव्या निवडल्या. ज्यांच्यात अजून बर्फाचे खडे हाताला लागत होते त्या परत आत. ज्यांचं पाणी झालं होतं त्या खालच्या खणात, त्या दिवसभरात संपवायच्या. दुपारपर्यंत मी दहा वेळा दार उघडायला गेले असेन आणि दर वेळी हात मागे घेतला. शेवटी उघडलं तेव्हा आतल्या पिशव्या कडेने कडक होऊ लागल्या होत्या. आठवडाभराचं तरी वाचलं होतं. पुढचं रोज काढता येणार होतं.

खालच्या खणातल्या पिशव्यांपैकी एक सासऱ्यांनी मागून घेतली. "आजच पाजून बघू. सोमवारी त्याला नवं नको," म्हणाले. पिशवी कोमट पाण्यात धरून त्यांनी दूध बोंडल्यात ओतलं. "तू आत जा. तुझा वास आला तर घ्यायचा नाय तो."

मी आतल्या खोलीच्या दाराआड उभी राहिले. तो मानेला झटके देईल, तोंड फिरवेल, मला शोधेल, अशी माझी खात्री होती. रडला की धावायचं म्हणून कडीवर हात ठेवला होता. तो रडला नाही. फटीतून दिसत होतं, आजोबांच्या मांडीवर तो पाय उडवत पीत होता. बोंडलं रिकामं झालं तेव्हा त्यांच्याकडे बघून हसला.

मला हेच हवं होतं. याच्यासाठीच मी सकाळपासून जिवाचं रान केलं होतं. माझा गाऊन छातीशी ओला झाला होता, आणि मला इतकं वाईट वाटलं की अंगावर पदर असता तर तो तोंडावर दाबला असता.

"प्यायला गं सगळं," बाहेरून सासरे म्हणाले. "तू जा कामावर बिनघोर."

मी हो म्हणाले, पण लगेच बाहेर गेले नाही.