गेममधलं गिऱ्हाईक

पनवेलच्या मासळी बाजारात मी जिच्याकडून मासे घेतो, तिचं नाव मला अजून ठाऊक नाही. गिऱ्हाईक नसलं की ती फोनवर गेम खेळते. फोन प्लास्टिकच्या पिशवीत असतो आणि खेळते फक्त करंगळीने, कारण बाकीच्या बोटांना खवले चिकटलेले असतात.

दर रविवारी नव्या गेमवर तिचं मत तयार असतं. पळायचा गेम तिने लगेच काढून टाकला. "नुसता धावतो, पोचत कुठंच नाय." मासे पकडायचा गेम तर सरळ खोटा ठरला. "गळ टाकला की मासा हजर. असा दर्या कुठं हाय?"

मागच्या रविवारी दुकान चालवायच्या गेमची पाळी होती. दुकान चकाचक होतं, पण हिचं तोंड वाकडं. "यातली गिऱ्हाइकं सांगितला तो भाव देतात आन् जातात. कोण घासाघीसच करत नाय. कंटाळा येतो."

आज मी घाईत होतो. तिने बांगड्यांचा भाव सांगितला आणि मी मुकाट्याने नोट पुढे केली. तिने कोयता खाली ठेवला.

"काय ओ, तुमी पण गेममधले झाले?"

मी नोट परत खिशात घातली आणि म्हणालो, "बांगडे कालचे वाटतायत."

ती पदर खोचून, खुशीत सरसावून बसली.