रावजींच्या वहीतली कोरी जागा

सुजानगडच्या विमलाबाईंच्या पायातली चप्पल सव्विसाव्या वर्षी निसटू लागली. सासू म्हणाली, "बिनणी, माहेरी काय गालिच्यावरच चालत होतीस?" पुढची चौदा वर्षं मणका, गुडघे, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि दोन नवस यांत गेली. मग जयपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि आजाराला नाव मिळालं: जीएनई मायोपथी. स्नायू झिजत जातात, औषध नाही, आणि आई-वडील दोघांकडून दोष आला तरच होतो.

"पण आमच्यात चार गोत्रं टाळून लग्न लावतात," विमलाबाई म्हणाल्या.

"गोत्र बापाकडून चालतं. हे दोघांकडून येतं. तुमच्या मुलीत एक दोष असणारच. तिला त्रास नाही, पण जावयात दुसरा नको, एवढं बघा."

विमलाबाईंनी ते वाक्य डायरीत उतरवलं. आजारावरचं सगळं इंग्रजीत होतं. मुलगी ज्योती वाचून अर्थ सांगे आणि विमलाबाई तो मारवाडीत बोलून याच आजाराच्या लोकांच्या फोनवरच्या गटात पाठवत. गटात एकवीस जण होते. निम्म्यांनी खरं नाव दिलं नव्हतं.

सहा वर्षांनी ज्योतीला रतनगडचं स्थळ आलं. चारही गोत्रं वेगळी निघाली. तोवर विमलाबाई घरात भिंत धरून आणि बाहेर चाकाच्या खुर्चीत फिरत. पाहुणे आले तेव्हा सासूने त्यांना आधीच दिवाणावर बसवलं आणि पायांवर शाल टाकली.

"रक्ताचं विचारायचं," पाहुणे गेल्यावर विमलाबाई म्हणाल्या.

"विचार की!" सासू म्हणाली. "मग पोरीला बसव जन्मभर घरात. आजवर कुणी जावयाचं रक्त मागितलंय?"

गुवाहाटीत धंद्याला असलेल्या नवऱ्याने फोनवर आईचीच री ओढली.

साखरपुड्याला बारा दिवस उरले असताना घराण्यांच्या वंशावळी पिढीजात लिहिणारे रावजी वह्या घेऊन आले. तीन-चार वर्षांनी येत, नवे जन्म आणि लग्नं लिहून घेत. त्यांच्याकडे तीन गोत्रांच्या वह्या होत्या. त्यांतलं एक रतनगडकरांचं.

चुरमा वाढून झाल्यावर विमलाबाईंनी विचारलं, "रावजी, त्या घरात तिशीत पाय गेलेलं कुणी आहे?"

"बाईसा, वहीत जन्म, लग्न, मरण लिहितो. बसलेलं माणूस लिहीत नाही. आणि एका घरचं दुसऱ्या घरी सांगितलं तर मला चुरमा कोण वाढेल?"

"सांगू नका. वाचून दाखवा. वंशावळ ऐकायला बंदी नाही ना?"

रावजींनी रतनगडकरांच्या वहीची दोरी सोडली आणि सुरात वाचायला लागले. मुलाच्या बापाचं नाव झालं, बायको, मुलं झाली. मग धाकटा भाऊ भंवरलाल, जन्म सांगितला आणि रावजी थेट पुढच्या भावावर गेले.

"भंवरलालचं लग्न?"

"नाही लिहिलेलं."

"वारला?"

"नाही लिहिलेलं."

"दीक्षा घेतली?"

"घेतली असती तर लाल शाईने लिहिलं असतं," रावजी म्हणाले आणि पान उलटलं.

बावन्न वर्षांचा माणूस, सधन घर, आणि नावापुढे बोटभर कोरी जागा.

दुसऱ्या दिवशी विमलाबाईंनी मुलाच्या आईला स्वतः फोन केला. मुलीकडच्यांनी असं करायचं नसतं. "ब्याणजी, माझे पाय अधू आहेत. शालीखाली ते दिसले नाहीत. तुमच्या भंवरजींना काय झालंय?"

"गुडघे दुखतात त्यांचे," पलीकडून उत्तर आलं आणि फोन बंद झाला.

तिसऱ्या दिवशी, आईचं ते बोलणं ऐकलेल्या मुलाने कुणाला न सांगता ज्योतीला फोन केला आणि सगळं कळल्यावर तपासणीचा पत्ता मागितला. अहवाल येईपर्यंत त्याने काही निमित्त काढून साखरपुडा पुढे ढकलला. दोष त्याच्यातही होता. ज्योती त्याला म्हणाली, "डॉक्टरांशी बोलून मग ठरवता येईल." तो म्हणाला, "माझी तयारी आहे, आईची नाही." सोयरीक मोडली. दोन्ही घरांनी बाहेर पत्रिकेचं कारण सांगितलं.

त्याच महिन्यात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी भंवरलाल, रतनगड. पुतण्याने नंबर दिला. विचारायचं होतं, तुम्हाला खुर्चीवरून उठता येतं का?"

"उठता येतं. पाऊल उचललं जात नाही."

"माझंही तसंच. मला वाटायचं, हे मला एकट्यालाच आहे."

"आम्ही एकवीस जण आहोत," विमलाबाई म्हणाल्या. "गटात तुमचं नाव खरं लिहू की दुसरं?"

"खरं लिहा," ते म्हणाले.