सर ऑनलाइन आहेत

किस्से पलंगाखालच्या धुळीसारखे असतात. कोणी आणून टाकत नाही, तरी साठतात. चंद्रपूरच्या होस्टेलात आमच्या खोलीत आम्ही तिघी होतो. गडचांदूरची शबाना, गडचिरोलीकडच्या खेड्यातली वंदना आणि बारीकसारीक आवाजाला दचकणारी मी. तिघीही बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तेव्हा एकमेकांच्या पानावर स्क्रॅप, म्हणजे चिठ्ठ्या, लिहायची ती साइट नवीनच आली होती आणि आमचा सगळा जीव बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत अडकलेला असायचा.

सगळ्यात जास्त शबानाचा. तिच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान. त्यांनी तिला बजावून ठेवलं होतं, "एक विषय जरी राह्यला, तर पेटी उचलायची अन् घरी यायचं."

*

साइटवर स्वतःचा फोटो लावायची आमची हिंमत नव्हती. मी मोगरा लावला, शबानानं गुलाब, वंदनानं जास्वंद. रोज फुलांशीच गप्पा.

बॉटनीच्या प्रॅक्टिकलला बाहेरून मॅडम आल्या. त्यांनी टेबलावरची जास्वंद उचलली आणि शबानाला विचारलं, हे काय?

"वंदना," शबाना म्हणाली.

*

मग आमचे बॉटनीचे सरच साइटवर आले. सगळ्या वर्गाला फ्रेंड रिक्वेस्ट! नाकारावी तर इंटर्नलचे मार्क, घ्यावी तर आपलं सगळं उघड्यावर. मी भीत भीत घेतली. लगेच स्क्रॅप आला, अभ्यास झाला का?

मी खुर्चीवरून ताडकन उठले आणि "हो सर" म्हणाले. मोठ्यानं.

कॅफेवाले बंडूभाऊ काउंटरवरून म्हणाले, "बसा बाई. त्यायले दिसत नाई."

*

शबानानं 'रोज पहाटे अभ्यास' नावाची कम्युनिटी काढली. कोणी तिथं वेळापत्रक टाकलं, कोणी गणपतीचा फोटो. सदस्य वाढतच गेले.

पेपरच्या आदल्या दिवशी आम्ही तिघी खास ऑटो करून कॅफेत गेलो, तिथं 'अभ्यास जोरात सुरू' असं लिहिलं आणि परत येऊन दमून झोपलो.

*

वंदना दिवाळीला घरी गेली. तिच्या गावात फोनला रेंज फक्त धानाच्या शेतातल्या मचाणावर, तीही मधूनच. मग ही पुस्तक घेऊन दिवसभर मचाणावर. रेंज येईपर्यंत करणार काय, वाचायची. फिजिक्स तिथंच सुटला.

तिचे बाबा गावभर सांगत फिरायचे, "पोरगी शिकूनबी राह्यली अन् धानावर पाखरू बसून नाई राह्यलं."

*

शबानाचं मात्र बिघडतच गेलं. बॉटनीची फाईल दिली नाही, इंटर्नलला नापास. गडचांदूरपर्यंत कॅफेसकट बातमी गेली आणि एका दुपारी अब्बा होस्टेलच्या दारात. पेटी भरायला सांगितली. शबाना पेटीत कपडे टाकू लागली. मग म्हणाले, "थांब. आधी तू त्या कॅफेत काय करून राह्यली, ते मले दाखव."

अब्बा, शबाना आणि मी कॅफेच्या एका पडदा लावलेल्या केबिनमध्ये दाटीवाटीनं बसलो. शबानानं पान उघडलं. वर सरांचाच स्क्रॅप. अब्बांनी मला वाचायला सांगितलं. मी फक्त पहिलं वाक्य वाचणार होते, पण घाबरले की माझ्याकडून सगळं खरं बाहेर पडतं.

"शबाना, फाईल कुठं आहे? रोज इथं दिसतेस, वर्गात दिसत नाहीस."

अब्बांनी की-बोर्ड शबानाकडे सरकवला. मग शबानाला म्हणाले, "लिव. मी तिचा बाप. पोरीले घरी घेऊन चाललो."

तिनं रडत रडत लिहिलं. उत्तर लगेच आलं. नेऊ नका, पोरगी हुशार आहे, फाईल मी करून घेतो.

"लय लवकर आलं," अब्बा म्हणाले. "इचार त्यायले, कुठी भेटन म्हणा. समोरासमोर बोलाचं हाय."

शबानानं विचारलं. यावेळी उत्तर काही येईना. मग बाजूच्या केबिनमधली खुर्ची करकरली, मी दचकले, आणि पडदा बाजूला करून बॉटनीचे सर बाहेर आले. अनवाणी. चपला टेबलाखालीच राहिल्या होत्या.

"इथंच आहे, भाऊ," सर म्हणाले.

अब्बांनी त्यांच्याकडे पाहिलं, शबानाकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"सर, हिले तुमच्या भरोशावर ठेवून जातो," अब्बा म्हणाले. "पण तुमाले कोणाच्या भरोशावर ठेवू?"