एकशे बारा नंबरचा आवाज

आमचा मामा लाँड्रीत इस्त्री करतो आणि एका गाण्यापुरता प्रसिद्ध आहे. एका म्हणजे मोजून एका. एक पोरगा काउंटरवरच्या पोरीला बघायला मिळावं म्हणून तोच शर्ट रोज धुवायला टाकतो, असं ते गाणं. ‘चिठ्ठी हातात, जीव टांगणीला’ अशी सुरुवात. चाल साधी आणि शब्द त्याहून साधे. पण दर कडव्यानंतर एक बाई ओरडते, ‘एकशे बाऽऽरा!’ आणि त्या ‘बा’वर तिचा आवाज मधोमध फाटतो. अर्धा वर पळतो, अर्धा खालीच राहतो. लोकांनी गाणं डोक्यावर घेतलं ते तेवढ्यासाठी.

ती बाई म्हणजे मामाच.

मामाला कुणाचाही आवाज काढता येतो. आमच्या डॉक्टरांचा ‘हंऽऽ, जीभ बघू’ तो असा काढतो की आपण खरंच जीभ काढतो. आईचे तर दोन आवाज काढतो, फोनवरचा मधाळ आणि फोन ठेवल्यानंतरचा. मला हे खूळ त्याच्याकडूनच आलं. “मामाचं नको ते नेमकं उचललंय पोरीनं,” असं आई म्हणते, फोन ठेवल्यानंतरच्या आवाजात.

पण तो फाटका आवाज मामाने कुणाकडून उचलला, हे मला या वर्षी कळलं.

लाँड्रीत पुढे काउंटर, मागे धुलाईची यंत्रं आणि इस्त्रीची टेबलं. यंत्रं सुरू झाली की शेजारच्याशी बोलायलासुद्धा त्याचा खांदा हलवावा लागतो. त्या गोंगाटातून एकच आवाज आरपार यायचा, तो काउंटरवरच्या बाईंचा. लहानपणी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हापासून आवाज तसा. गिऱ्हाइकाने चिठ्ठी दिली की बाई नंबर पुकारायच्या आणि मागून कपडे पुढे सरकायचे. जुने मालक म्हणायचे, “बाई, तुमचा आवाज भिंतीला भोक पाडतो.” बाईंना ते फार आवडायचं. आयुष्यभर ज्या आवाजाला लोक हसले, तो इथे कामाला आला होता. त्याच्याशिवाय इथलं पानही हलत नव्हतं.

मामा तेव्हा चोवीस वर्षांचा. शेजारच्या एका कीबोर्डवाल्याने त्याला गायला स्टुडिओत नेलं. पहिल्या दोन वेळा गाणं रंगलंच नाही, सगळ्यांची तोंडं उतरली. मग मामाने हसवायचं म्हणून बाईंचा आवाज काढला. कीबोर्डवाला खुर्चीवरून उडाला. “हेच! हेच घाल!”

“बाईंना विचारायला हवं रे.”

“अरे, आपलं गाणं वाजणार कुठे आणि त्यांना कळणार कुठे?”

वाजलं की! रिक्षात, बसमध्ये, लग्नात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये. आणि आठवड्याभरात पोरं लाँड्रीच्या दारात. “बाई, एकशे बारा म्हणा ना! एकदाच!” कामाला आलेली मोठी माणसंसुद्धा चिठ्ठी देऊन हसू दाबत उभी राहायची. नंबर अठ्ठावन्न असो, नाहीतर नऊ. बाईंनी दोन दिवस पुकारलं. तिसऱ्या दिवशी त्या चिठ्ठी घेऊन स्वतः मागे आल्या आणि मामाच्या टेबलावर ठेवून गेल्या. त्यानंतर बावीस वर्षं हेच. दिवसाला शंभर चिठ्ठ्या, शंभर फेऱ्या, आणि तोंडातून शब्द नाही.

दुसरं गाणं का झालं नाही, असं लोक मामाला विचारतात. तो सांगतो, “नशीब!” खरं असं झालं की कीबोर्डवाला म्हणाला, “आता आणखी कुणाचा तरी आवाज घेऊ. तुझ्याकडे काय, अख्खी गल्ली आहे.” मामा माइकसमोर उभा राहिला आणि त्याचं तोंडच उघडेना.

हे सगळं त्याने आम्हाला गेल्या महिन्यात सांगितलं, कारण बाई निवृत्त होणार होत्या. नव्या मालकांनी, म्हणजे जुन्यांच्या मुलाने, निरोपाचा कार्यक्रम ठरवला होता. मालक सगळं दोनदा बोलतात. “गाणं झालंच पाहिजे, झालंच पाहिजे! बाईंना सरप्राइज, सरप्राइज!”

आई म्हणाली, “गाऊ नकोस. माफी माग. त्या गेल्यावर कुणाची मागणार?”

“ताई, बावीस वर्षांत जमलं नाही ते चार दिवसांत जमेल?”

तरी तो आरशासमोर तयारीला बसला. “बाई, माझं चुकलं.” मग बाई काय म्हणतील, तेही तोच बोलून बघायला लागला, आणि बोलता बोलता त्यांच्या आवाजात शिरला. हुबेहूब! मला हसू फुटलं. मी खोखो हसले. मामाने हाताने तोंड दाबून धरलं आणि माझ्याकडे असं बघितलं की माझं हसू घशातच आटलं. तोच आवाज मीही वर्गात दहादा काढला होता. टाळ्याही घेतल्या होत्या.

कार्यक्रमाला त्याने मला बरोबर नेलं. “एकटा गेलो तर पळून येईन.”

यंत्रं बंद होती. इस्त्रीच्या टेबलावर केक ठेवला होता. बाई बारीक, ताठ, नवी पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मालकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. “एकशे बारा! एकशे बारा!” सगळे तालात टाळ्या वाजवायला लागले. बाई पर्सच्या चेनकडे बघत राहिल्या.

मामा उठला. त्याचे कान लाल झाले होते.

“गाणं नाही म्हणणार,” तो म्हणाला. “त्यातला आवाज बाईंचा आहे. मी न विचारता घेतला. त्यांचं बोलणं माझ्यामुळे बंद झालं. बाई, माझं चुकलं.”

टाळ्या एकेक करून थांबल्या. मालक म्हणाले, “अरे, पण... अरे, पण...”

बाईंनी मान वर केली. मला तो आवाज ऐकायचा होता, खोटं कशाला बोलू.

“विचारलं असतंस,” त्या म्हणाल्या, “तर मी आले असते. स्वतः म्हटलं असतं.”

आवाज फाटला, पण गाण्यातल्यासारखा नाही. गाण्यातला आम्हीच सगळ्यांनी वाढवलेला होता.

“मला वाटायचं, कधीतरी कुणीतरी बोलवेल,” त्या म्हणाल्या. “तू माझ्या मागेच उभा होतास रे.”

माफ केलं का, हे विचारायचं मामाला सुचलंही नसावं. तो उभाच राहिला, हात कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखा.

मग बाईंनीच सुरी घेतली आणि केक कापला. कागदावर एकेक तुकडा ठेवून सगळ्यांना दिला, मालकांना, धुलाईवाल्यांना, मला. शेवटचा मामाला.

मामा तो हातात धरून बघत राहिला.

“खा,” बाई म्हणाल्या. “सुकेल.”

मान खाली घालून मामाने तो खाल्ला.